आठव्या फुटावरची गाठ

सुंभाची दोरी, नऊ फूट लांब. आठव्या फुटावर गाठ.

पोफळीचं झाड. इतकं स्वच्छ की खोडावरची वळी मोजावीत.

हॅम्बर्गच्या एका दुकानाचा जांभळा शिक्का.

कापडवाल्याकडची लोखंडी पट्टी, नवी कोरी.

"हा आमचा नव्हे."

मित्रांनो, एवढ्यात माझं सगळं आयुष्य बसतं. याचा क्रम लावायला मी कितीदा बसलो आणि दर वेळी संतापून उठलो. आज लावतोच. मी फोटो काढायचा कॅमेरा आहे, भात्याचा, घडी होणारा, आणि आता निकामी.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. लांब मेजावर आम्ही शेकडो भाऊ ओळीने पडून होतो. भिंग तेच, भाता तोच, वरचं काळं कातडंही तेच. शेवटी एक बाई भिंगाभोवती कडं बसवी. त्या कड्यावर अंतराचे आकडे कोरलेले असत. समोरचा माणूस जितका लांब, तितका आकडा लावायचा, म्हणजे चेहरा रेखीव येतो. काही भाऊ इंग्रजांच्या मुलखाकडे जायचे होते. त्यांना तिने एका खोक्यातलं कडं बसवलं. आम्ही तिथल्याच बाजारात विकले जाणार होतो. आम्हाला दुसऱ्या खोक्यातलं. त्या वेळी मला याचं काहीच वाटलं नाही.

१९५८ मध्ये श्रीवर्धनच्या इसहाक खलाशाने मला हॅम्बर्गला विकत घेतलं. मुंबईच्या गोदीत त्याने जकात भरली, पावती घेतली. मी चोरीचा नव्हतो, नकली नव्हतो. त्या दिवसांत परदेशी कॅमेरा दुकानात मिळणं मुश्किल झालं होतं, म्हणून खलाशांच्या पेटीतून उतरलेला माल हातोहात खपे. मला घेतलं तुळशीरामने. हा वाडीवाल्या रावजीचा मुलगा. गिरगावच्या एका स्टुडिओत दोन वर्षं राबून तो गावी परतला होता आणि श्रीवर्धनात फोटो काढायचा धंदा करणार होता.

त्याने एकच प्रश्न विचारला.

"इसहाकभाय, खरा हाय ना?"

"तुळशीरामभाऊ, झूट बोललो तर दर्या मला पुन्हा घेणार न्हाय. एकदम असली."

इसहाक खरंच बोलला. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो.

माझ्याबरोबरची पुस्तिका जर्मन भाषेत होती. तुळशीरामने तिच्यातली चित्रं पाहिली आणि ती फडताळात ठेवून दिली. त्याला शिकायचं काय उरलं होतं? गिरगावात त्याने हजारदा केलं होतं: कडं आठावर, माणूस आठ फुटांवर. अंतर मोजायला त्याने बापाची दोरी घेतली. पोफळीची रोपं लावताना दोन रोपांमध्ये नऊ फूट सोडायचे म्हणून रावजीने ती वळली होती. अख्खी वाडी तिच्यावर उभी होती. तुळशीरामने आठव्या फुटावर गाठ मारली.

पहिला फोटो त्याच्या धाकट्या बहिणीचा, राहीचा. तिच्यासाठी अंबाजी नावाचा मुलगा सांगून आला होता, मुंबईच्या गिरणीत फिटर. त्याला रजा नव्हती. आधी फोटो पाठवा, शिमग्याच्या आत कळवतो, असा निरोप होता. राहीला स्थळ मनातून पसंत होतं. तिने तसं कुणाला सांगितलं नाही, पण फोटोच्या दिवशी ती सकाळपासून तीनदा वेणी घालून बसली.

तुळशीरामने दोरीचं टोक माझ्या भिंगाशी धरलं, गाठ राहीच्या नाकाशी नेली आणि कडं आठावर फिरवलं. वाडीत दाट सावली, म्हणून भिंगाचं भोक मोठं ठेवावं लागलं. अशा वेळी अंतरात चूक झाली तर ती लपत नाही. मी आतल्या आत ओरडत होतो. माझ्या कड्यावरचा आठ फुटांचा नव्हता हो. पण माझं तोंड उघडतं ते सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्यापुरतं. तेवढ्यात काय सांगणार?

फोटो धुऊन निघाला. राहीच्या जागी धुकं. मागे लांब उभी असलेली पोफळ मात्र वळीन् वळी दाखवत होती.

"हललीस तू," तुळशीराम म्हणाला.

"दादा, मी श्वासबी घेतला न्हाय."

दुसऱ्यांदा काढला. तिसऱ्यांदा तिच्या डोक्यामागे खांब दिला. प्रत्येक वेळी धुकं, प्रत्येक वेळी तोच ठपका. चौथा कागद राहीने उजेडात धरला आणि म्हणाली, "ह्या पोफळीचंच लगीन लाव. ठळक आलीय. उंचीबी बरी हाय."

शिमगा जवळ आला. त्यातल्या त्यात बरा फोटो मुंबईला गेला. उत्तर रावजीच्या नावे आलं. मुलीच्या चेहऱ्यावर देवीचे वण असतील तर तसं आधी सांगायचं होतं, असा फोटो पाठवून लपवायला नको होतं, आम्ही दुसरीकडे ठरवत आहोत. राहीच्या चेहऱ्यावर एक तीळसुद्धा नव्हता. ती पडवीत सुपारी सोलत होती. पत्र वाचून झालं तरी तिचा हात थांबला नाही. त्या दिवसापासून तिने माझ्यासमोर यायचं सोडलं.

तुळशीराम मला घेऊन मुंबईला गेला. माझ्या कारखान्याच्या एजंटाची पेढी होती. काचेच्या कपाटात माझे दोन भाऊ बसले होते, तेच, त्याच मेजावरचे! त्यांच्या कड्यावर फूट कोरलेले होते. मला वाटलं, आता कळेल. कारकुनाने मला उलटं केलं, पोटावरचा नंबर त्याच्या वहीत शोधला, गॅरंटीच्या कागदावरचा जांभळा शिक्का बघितला.

"माल अस्सल आहे," तो म्हणाला. "पण हा आमचा नव्हे. आमच्या हातून आलेला माल आम्ही दुरुस्त करतो. तुम्ही घेतलात तिथे न्या."

"हॅम्बर्गला?"

"मग हॅम्बर्गला."

त्याने मला सुलटं केलंच नाही. करता तर कडं समोर होतं. दोन शब्दांचं काम होतं ते.

घरी आल्यावर तुळशीरामने मला दयाराम घड्याळजीकडे दिलं. दयारामचा हात चांगला होता, पण माझ्या जातीचा कॅमेरा त्याने कधी उघडला नव्हता. त्याने भिंगाचे तीन तुकडे काढले, प्रेमाने पुसले आणि मधला उलटा बसवला. तेव्हापासून पोफळही धूसर यायला लागली. तुळशीरामने धंद्याची पाटी उतरवली आणि पुन्हा वाडी शिंपायला लागला.

१९६१ मध्ये राही पोलक्याचं कापड आणायला गेली. दुकानात वार जाऊन मीटर आला होता. नव्या लोखंडी पट्टीवर तीन पायांचं एक इंग्रजी अक्षर होतं. ते तिने ओळखलं. चारही वेळा फोटोआधी तिनेच मला पुसलं होतं आणि तेच अक्षर माझ्या कड्यावर कोरलेलं बघितलं होतं. घरी येऊन तिने मला फडताळातून काढलं आणि भावापुढे धरलं. दोघांनी वाडीत फोटोच्या जागेवरून दोरी तीनदा टाकली. आठ मीटर म्हणजे सव्वीस फूट. गाठीपासून खूप पुढे, थेट त्या पोफळीपर्यंत.

तुळशीराम दोरी गुंडाळायला लागला. मग म्हणाला, "बाबांची दोरी बरोबर होती गं."

राही आणखी कशाची तरी वाट बघत उभी होती. तो तेवढंच बोलला.

पुढे दिवेआगरचा रघू रोपं न्यायला वाडीत आला. राहीला त्याने चार हातांवरून पाहिलं आणि फोटो मागितला नाही. सासरी जाताना ती मला घेऊन गेली. का, ते तिने सांगितलं नाही. मी तिच्या ट्रंकेत आहे.

मित्रांनो, दूरदेशचा माल कुणी दाखवला तर खरा आहे का एवढं विचारून थांबू नका. तो कोणत्या लोकांसाठी बनवला, हे विचारा. बिघडला तर इथे त्याला कोण हात लावील, तेही विचारा. आणि त्याच्याबरोबर आलेला कागद वाचता येत नसेल, तर तो वाचणारा माणूस आधी शोधा, मग आपल्या माणसावर ठपका ठेवा. मला हे ओरडून सांगायचं आहे आणि गंजलेलं माझं तोंड आता उघडतही नाही.

१९५८ च्या त्या पहिल्या फोटोच्या वेळी राही हलली नव्हती.