पत्ती काढायचं बटण

कस्तुराबाईच्या डोळ्यांवर जाड काळा चष्मा चढवून तिच्या दोन्ही हातांत कंट्रोलर दिले, तेव्हा राणीसावरगावच्या शाळेत जमलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

कापसाच्या एका कंपनीला गावातली एक बाई हवी होती, इतरांना स्वच्छ वेचणी शिकवायला, बारमाही पगारावर. चाळीस वर्षं दुसऱ्यांचा कापूस वेचलेल्या कस्तुराबाईला ही नोकरी मनापासून हवी होती. आता उन्हात तिचं डोकं गरगरायचं. पण निवड शेतात नव्हती, चष्म्यातल्या खेळात होती. बोंडाजवळ हात न्यायचा, बोटाखालचं बटण दाबायचं, टोपलीवर सोडायचं, ठरल्या वेळात जिची बोंडं जास्त तिला नोकरी, असं कंपनीच्या हरिओमने समजावलं होतं.

चष्म्यात पांढरंफेक रान दिसलं आणि ती हरखली. पहिल्याच बोंडाला वाळकी पत्ती चिकटलेली. पत्तीसकट कापूस ओटीत टाकणं तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं. ती चिमटीत पत्ती धरू पाहायची, पण बटण दाबलं की अख्खं बोंडच हातात यायचं. एकदा तर सवयीने तिने कंट्रोलरच कमरेच्या ओटीत सोडला. वेळ संपली तेव्हा तिची बोंडं भरली तीन.

तिच्या सुनेची, अपेक्षाची, एकशे दहा. पोरीने पत्तीकडे बघितलंही नव्हतं, नुसती बटणं दाबत सुटली होती. नोकरी तिला लागली. जिला कधी धड वेचता आलं नाही, तिलाच मास्तरीण केलं, याहून मोठी थट्टा ती कोणती!

महिन्याभराने कंपनीची टोपी घालून अपेक्षा बांधावर उभी होती. बायांमध्ये वेचत असलेल्या सासूच्या नजरेला नजर न देता ती बायांना म्हणाली, "आत्याबाईच्या हाताकडं बघा. तसं येचा."

त्याच दिवशी हरिओम कॅमेरा घेऊन आला. खेळ सुधारायचा होता, खऱ्या वेचणीचं चित्रण हवं होतं.

"आज्जी, नुसते हात पाहिजेत. तोंड न्हाई येणार त्यात."

"आता तरी पत्ती निघंल का रं त्या खेळात?"

"न्हाई वो. तेवढी बटणंच न्हाईत."

कस्तुराबाईने बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली बोटं पदराला पुसली आणि कॅमेऱ्यापुढे धरली.