रिकामा म्हणायच्या आधी

घाबरू नका, गळती वगैरे काही नाही. आवाज येतोय तो माझाच आहे. मी एका छोट्या ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर बसणारा प्रोपेनचा सिलिंडर. गाडीमागून हे चाकांवरचं घर पळतं आणि त्या घराच्या पुढे मी. त्यामुळे वारा आधी मला लागतो, आणि धूळही.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाचे दोन खोलगट वाडगे तोंडाला तोंड लावून जोडले आणि मी झालो. पोटात पाणी दाबून भरून पाहिलं, पाझरलो नाही. मग जन्मतारीख ठोकली, पांढरा रंग दिला आणि दुकानाबाहेरच्या जाळीच्या पिंजऱ्यात उभं केलं. येणारी-जाणारी माणसं टिचकी मारून आम्हाला वाजवून बघायची. आम्ही काय कलिंगडं आहोत?

तिथून मला मास्तरांनी उचललं. मास्तर म्हणजे शाळेतले कवायतीचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. पिंजऱ्यातले सहाही सिलिंडर त्यांनी एकेक करून उचलून पाहिले आणि 'हा दमदार आहे' म्हणून माझ्यावर हात ठेवला. मी तर फुशारूनच गेलो.

त्यांच्या पत्नी मोठ्या इस्पितळात नर्स होत्या. सगळा वॉर्ड त्यांना सिस्टर म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. बत्तीस वर्षांत सिस्टरना सलग आठ दिवस सुट्टी कधी लाभली नव्हती. ऐन वेळी कोणीतरी आजारी पडायचं आणि रजा रद्द. आता नोकरी संपली होती आणि त्यांना एकच हवं होतं: तळ्याकाठचे आठ दिवस.

आम्ही तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. सिस्टरनी चहाचं आधण ठेवलं. मास्तरांचं सगळं कवायतीच्या तालावर. झटपट काम व्हावं म्हणून त्यांनी आत शेगडीचं बटण आधीच उघडून ठेवलं, सिस्टरच्या हाती लायटर दिला आणि बाहेर येऊन 'एक, दोन, तीन' म्हणत माझी चावी एका हिसक्यात पूर्ण फिरवली.

आता, माझ्या चावीपाशी एक छोटा पहारेकरी बसवलेला असतो. गॅस एकदम धावत सुटला की त्याला वाटतं, नळी फुटली. तो दार लोटून घेतो आणि जेमतेम झुळूकभर गॅस सोडतो. बिचाऱ्याचं चुकत नाही, कारण नळी खरंच फुटली तर तोच सगळ्यांना वाचवतो. पण त्या दिवशी शेगडीवर ज्योत आली ती करंगळीच्या नखाएवढी. अर्धा तास झाला तरी आधण ढिम्म.

मास्तरांनी चावी बंद केली आणि आणखी जोरात उघडली. पुन्हा तेच. मग माझ्या पाठीत दोन धपाटे घातले आणि मला रिकामा ठरवलं. पोट भरलेलं असताना रिकामा! असा राग आला म्हणता. दुकानदाराने फसवलं, गॅस नाही म्हणजे जेवण नाही, गरम पाणी नाही, तेव्हा उद्या सकाळी घरी परतू आणि पुढे कधीतरी येऊ, असं मास्तरांनी जाहीर करून टाकलं.

लायटर ठेवून सिस्टर दाराशी आल्या आणि तळ्याकडे बघत राहिल्या. माझा राग पळाला. फार वाईट वाटलं मला. पण सांगणार कसं?

थोड्या वेळाने त्या खाली उतरल्या आणि माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या. शेगडीची इवलीशी ज्योत त्यांनी आधी विझवून ठेवली होती. मला हलवून वजन पाहिलं. साबणाचा फेस करून सांध्यासांध्याला लावला. एकही बुडबुडा आला नाही.

"पेशंट ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या.

"मग अडलंय कुठे?"

"तुम्ही दचकवलंत त्याला."

वॉर्डात ऑक्सिजनची चावी हिसक्याने उघडली की त्यांच्या मोठ्या सिस्टर हातावर मारायच्या, हेही त्यांनी सांगून टाकलं. मास्तर निमूटपणे आत जाऊन सगळी बटणं बंद आहेत ना ते पाहून आले. सिस्टरनी माझी चावी बंद केली, नळी काढून पुन्हा नीट बसवली आणि पाच मिनिटं थांबायला सांगितलं, म्हणजे पहारेकरी सावरून दार पुन्हा उघडतो. ती पाच मिनिटं मास्तरांना जड गेली. चारदा घड्याळ पाहिलं त्यांनी.

मग चावीवर मास्तरांचा हात आणि त्यावर सिस्टरचा.

"हळू," त्या म्हणाल्या. "अजून हळू. शेजारी बाळ झोपलंय असं समजा."

गॅस शांतपणे नळीत गेला, पहारेकरी गप्प बसला आणि सिस्टरनी आत जाऊन लायटर लावताच शेगडीवर निळं फूल भरभरून फुललं. मास्तर माझ्याकडे बघून ओशाळं हसले. घरी परतायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

आता मला बरीच वर्षं झाली. रंग उडालाय, लवकरच तपासणीला जायचंय. तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला रिकामा म्हणायच्या आधी जरा उचलून बघा आणि हळू उघडा, एवढीच विनवणी.

जाता जाता त्या सहलीतली एक दुपार सांगतो. मास्तरांनी स्वतः चहा केला आणि कप घेऊन तळ्याकाठी गेले. सिस्टर खुर्चीत गाढ झोपल्या होत्या, भर दिवसा, तोंड किंचित उघडं. मास्तर दोन पावलं मागे आले. चहा निवला तसा त्यांनी आत येऊन पुन्हा गरम केला, पुन्हा बाहेर जाऊन उभे राहिले. असं तीनदा झालं. त्यांनी हाक म्हणून मारली नाही. तिन्ही वेळा मी अगदी आनंदाने जळलो.