खरोखर उठले

रुपराव साळव्यांचा आवाज ही चर्चच्या मंडळीची ठेव होती. एकतीस वर्षं, एकही खाडा न करता, ईस्टरची प्रभातफेरी चर्चशी परतली की ते पायरीवर उभे राहायचे आणि पोटातून हाक द्यायचे, "ख्रिस्त उठला आहे!" खाली अंगणातून तीनशे माणसं एका दमात उत्तर द्यायची, "खरोखर उठला आहे!" उत्तर संपेपर्यंत हाक देणाऱ्यानं बसायचं नाही, अशी रीत. आता त्या तीनशेत एक इंदूबाई होत्या. त्यांचं उत्तर सगळ्यांचं संपल्यावर एकटंच, सावकाश यायचं. पोरंटोरं फिदीफिदी हसायची, पण रुपराव इंदूबाईंचं झाल्याशिवाय कधी टेकले नाहीत.

हाच माणूस यंदा जानेवारीपासून खाटेवर होता. बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता चाला. रुपराव काही चालेनात. व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या तेव्हा त्यांच्या धाकानं वॉकर धरून दोन पावलं टाकायचे. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, बाईंचं येणं थांबलं आणि रुपरावांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. खरी गोष्ट अशी की त्यांना भीती वाटत होती. ओल्या फरशीवर पडताना झालेला तो हाडाचा आवाज अजून कानातून जात नव्हता. पण बहात्तराव्या वर्षी हे बायकोला कसं सांगायचं? विचारलं की म्हणायचे, "आज जरा अशक्तपणा वाटून राहिला."

त्यांचं घर मेकोसाबागेमागच्या गल्लीत, तळमजल्यावर. गल्ली एवढी अरुंद की समोरच्यांच्या भाजीला कसली फोडणी पडली ते इकडे कळावं. समोर कौसल्याबाई मेश्राम राहायच्या. पहाटे पाचला नळ आला की पाणी भरता भरता रोज विचारायच्या, "वयनी, उठले का भाऊ?"

"नाही ना वं अजून," रुपरावांच्या बायको प्रेमिलाबाई सांगायच्या. आत रुपराव भिंतीकडे तोंड फिरवायचे.

ईस्टरच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांचा फोन आला. चर्चला कुलूप, तेव्हा उपासना मोबाईलवर. पहाटे साडेपाचला सगळ्यांनी आपापल्या घरून एकत्र यायचं. "आणि रुपरावभाऊ, हाक तुमचीच," पाळकसाहेब म्हणाले.

रुपरावांनी "पाहतो" म्हणून फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, "मी नाही देत हाक."

"काहून?"

"काहून म्हणजे? खाटेवर पडून सांगू का लोकायले, उठला आहे म्हणून?"

"मग उठून सांगा ना!" प्रेमिलाबाई म्हणाल्या.

रुपरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते रात्री जेवणापर्यंत फुगून बसले.

पहाटे मात्र प्रेमिलाबाईंपुढे त्यांचं काही चाललं नाही. त्यांनी नवऱ्याला धुतलेला पांढरा सदरा चढवला, पाठीशी दोन उशा लावल्या आणि मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर मंडळी चौकोनाचौकोनांत बसली होती. कोणी कळमेश्वरला, कोणी कामठीला. मौद्याला लेकीकडे अडकलेल्या इंदूबाईंचं तर नुसतं कपाळच दिसत होतं. रुपरावांना एकदम भरून आलं. एरवी तीनशेंची मंडळी, आणि आज खोलीत आपली घरचीच एक मंडळी.

पहिलं गीत सुरू झालं तर कोणाच्या तरी कुकरनं शिट्ट्या मारायला सुरुवात केली. पाळकसाहेबांनी वैतागून सगळ्यांचे आवाज बंद केले, शास्त्रवाचन केलं, प्रार्थना केली आणि रुपरावांना हातानं खूण केली. आवाज पुन्हा चालू करायचे असतात, हे साहेब साफ विसरले.

रुपरावांनी श्वास भरून हाक दिली, "ख्रिस्त उठला आहे!"

पडद्यावरचे सगळे चेहरे नुसते बघत राहिले. रुपरावांनी पुन्हा हाक दिली. एकाचाही ओठ हलला नाही.

"पाय तर गेलाच होता," रुपराव हळूच म्हणाले, "आता आवाज बी गेला." त्यांचे डोळे भरले.

प्रेमिलाबाईंना ते पाहवेना. ईस्टरच्या पहाटेची हाक बिनउत्तराची राहावी? आणि तीही आपल्या माणसाची? त्या तरातरा वऱ्हांड्यात गेल्या आणि सगळी गल्ली दणाणेल अशा ओरडल्या, "उठला आहे! खरोखर उठला आहे!"

नळावर कौसल्याबाईंच्या हातून बादली सुटली.

"अवं माय! उठले! भाऊ उठले!" त्यांनी घरात हाक मारली. "ऐकलं का हो, समोरचे भाऊ उठले!"

"कोण म्हणते?" त्यांचे यजमान नत्थूभाऊ दात घासतच बाहेर आले.

"वयनीच सांगून राहिली ना! आनंदात नवऱ्याले अरेतुरे करून राहिली बिचारी, तिले भान कुठं आहे!"

नत्थूभाऊंनी मागच्या महिन्यात वाजवलेली थाळी पुन्हा काढली. शेजारच्या नळावरच्या बायका विचारू लागल्या, खरंच उठले का? आणि कौसल्याबाई साऱ्या गल्लीला ओरडून सांगू लागल्या, "उठले! खरोखर उठले!"

प्रेमिलाबाई तोंडाला पदर लावून आत आल्या. त्यांना हसू येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं होतं. "आता वं माय! मी प्रभूचं सांगत होतो, अन त्यायनं तुमचं समजलं. थांबा, जाऊन सांगतो त्यायले."

बाहेर थाळी वाजतच होती. एकतीस वर्षांत रुपरावांनी पुष्कळ उत्तरं ऐकली होती, पण हे त्यांच्या नावाचं होतं. तीन महिने रोज पहाटे विचारणाऱ्या त्या बाईला आज पुन्हा 'नाही ना वं अजून' सांगायचं? भीती होतीच, ती तसूभरही हलली नव्हती. पण आता तिच्याहून लाज मोठी वाटली, आणि लाजेहून आनंद मोठा.

"नको सांगू," ते म्हणाले. "वॉकर दे."

"अन पडले तर?"

"तर धर ना मले. तीन महिन्यांपासून मी पडायलेच भेऊन राहिलो वं."

प्रेमिलाबाईंनी तांब्याला टेकवलेला मोबाईल एका हातात घेतला, उपासना अजून चालूच होती. त्यांनी वॉकर पुढे केला आणि सदऱ्यामागून हात घातला. दुसऱ्या पावलाला रुपराव घामानं भिजले. चौथ्याला थांबले. नवव्या पावलाला वऱ्हांड्याची जाळी हाताला लागली आणि गल्लीत टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात प्रेमिलाबाईंच्या दुसऱ्या हातातल्या मोबाईलमधून पाळकसाहेब कळवळून ओरडले, "भाऊ, माफ करा, आवाज मीच बंद ठेवले होते! आता द्या हाक!"

रुपरावांनी दिली. उभ्यानं दिली. कौसल्याबाई म्हणाल्या, "हो हो भाऊ, दिसून राहिलं ना!" आणि मोबाईलमधून मंडळीचं उत्तर आलं. एका दमात नाही, फुटत, मागेपुढे, आधी कामठी, मग कळमेश्वर, मग कोणाचं तरी नातवंड. नेहमी क्षणात संपणारं उत्तर आज संपता संपेना, आणि रुपराव वॉकरवर दोन्ही हात रोवून ते अगदी पोटभर ऐकत उभे होते.

शेवटी सगळं शांत झालं. प्रेमिलाबाईंनी पायानंच खुर्ची ओढली. "बसा आता. पाय थरथरून राहिले तुमचे."

"थांब वं," रुपराव म्हणाले. "इंदूबाईचं राहिलं."

गल्लीही थांबली, कोणासाठी ते माहीत नसताना. मग मौद्याहून ते कपाळ हललं आणि सावकाश आवाज आला, "खरोखर... उठला आहे!"

मग कुठे रुपराव बसले.