कुसुनोकीची अक्कलदाढ

काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि मिओरीने डोळे चोळून पुन्हा भिंगात पाहिलं. निरोगी दाताचा गर, आणि त्यातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती चक्क तपकिरी!

हिरड्यांचा आजार हिरड्यांपाशी थांबत नाही, कीड नसलेल्या दाताच्या गरापर्यंतही पोचतो, हे सिद्ध करायला ती किताहामा दंतविद्यालयात जिवाचं रान करत होती. सूज आली की रक्तवाहिनीच्या भिंतीवर एक चिकट रेणू उगवतो आणि वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना धरून ठेवतो. रंग दिला की तो तपकिरी दिसतो. रुग्णांच्या दातांत तो ठसठशीत दिसला होता. निरोगी दातात तो दिसायलाच नको होता! जेवणानंतर तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिका ओनोदेरा सेन्सेई येणार होत्या, आणि यंदा फसलं तर विषय बंद, असं त्यांनी बजावलं होतं.

"रंग बिघडवलास तू," कुसुनोकी तोंडातला ब्रश न काढताच म्हणाला. तो तिचा सीनियर, हिरड्यांचा डॉक्टर. अक्कलदाढ काढली की प्रयोगशाळेला द्यायची ही इथली रीत, आणि पट्टीवरची दाढ त्याचीच होती.

"रंग ठीक आहे हो! रेणूला पकडणारं द्रव्य वगळून रंगवलेली पट्टी बघा, कोरी करकरीत. रंगच बिघडला असता तर तीही तपकिरी झाली असती."

"मग काय माझी दाढ खोटं बोलते?"

सेन्सेई आल्या, तसे खोलीतले बाकीचे विद्यार्थीही भोवती जमले. बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"दाढ कुणाची?"

"माझी, सेन्सेई!" कुसुनोकी ऐटीत म्हणाला.

"हिरड्या कुणी तपासल्या होत्या?"

"माझ्या? अहो, मी स्वतः रोज लोकांच्या तपासतो!"

"म्हणजे कुणीच नाही. बसा खुर्चीत."

बाईंनी बारीक सळई त्याच्या हिरडीच्या कडेने आत घातली आणि रिवाजाप्रमाणे खोली मिलिमीटरमध्ये मोठ्याने सांगू लागल्या; निरोगी हिरडीत ती तीनच्या फारशी पुढे जात नाही. "तीन. तीन. चार." काढलेल्या दाढेच्या शेजारी सळई आली आणि आत जातच राहिली. "सात!" पाठोपाठ रक्त आलं.

"आँ?" कुसुनोकी उघड्या तोंडानेच ओरडला.

मिओरीने टुणकन उडी मारली. पट्टी खरं बोलत होती! या माणसाला स्वतःलाच पत्ता नसलेला आजार तिच्या रेणूने ओळखला होता. आनंदाने तिला रडूच फुटलं. तिने कुसुनोकीपुढे कमरेत वाकून नमस्कार केला. "तुमचे उपकार कसे फेडू, कुसुनोकी-सान!"

"गप्प बस गं!"

"एका दाढेने काही सिद्ध होत नाही," सेन्सेई म्हणाल्या, पण त्यांचेही डोळे लकाकत होते. "विषय चालू राहील. मात्र या खोलीतल्या ज्यांनी ज्यांनी निरोगी म्हणून दाढा दिल्यात, त्यांच्या सगळ्यांच्या हिरड्या आजच तपासायच्या."

खोलीतल्या सगळ्यांनी पटापट तोंडं मिटली. मिओरीने मात्र कुसुनोकीला खुर्चीवरून ढकललं, स्वतः चढून बसली आणि भलामोठा आ वासला.