पूजेच्या दुसऱ्या दिवशी बंद पडलेलं इंजिन

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. मोटारीचं नाही, ट्रकचं तर नाहीच नाही. सायकलच्या सांगाड्यात बसवलेलं, नारळाएवढं छोटं इंजिन. राहतो सुरतेत, लिंबायतच्या एका गल्लीत. यंदाच्या दसऱ्याला माझ्यावर जे गुदरलं, त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही. अहो, ज्या हातांनी माझी पूजा केली, त्याच हातांनी माझं नाक बंद केलं! विश्वास बसतो का? माझा तर आजही बसत नाही.

कुठल्या कारखान्यात मी ओतलो गेलो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की खोक्यातून बाहेर काढून भगवान मेकॅनिकने मला एका काळ्या सायकलवर बसवलं, वर पेट्रोलची टाकी लावली आणि सायकलच्या मालकाला म्हणाला, "धुडकूभाऊ, आता पायडल फक्त सुरू करण्यापुरतं. दोन-चार मारायचे, क्लच सोडायचा, पुढचं सगळं हे बघेल."

धुडकूभाऊ म्हणजे माझे मालक. खानदेशातून आले आणि पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवण्याच्या कामाला लागले. वर्षानुवर्षं मशीनपुढे उभं राहून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला. लिंबायतहून पांडेसऱ्यापर्यंत सायकल हाणणं त्यांना जमेना, आणि रोजची रिक्षा परवडेना. म्हणून मी आलो. मी चाललो तर ते कामावर, नाही तर घरी. इतका साधा हिशेब होता.

आणि मी चाललो की! उन्हात चाललो, पाण्यात चाललो. गल्लीतली पोरं "फटफटी आली" म्हणत मागे धावायची. धुडकूभाऊंच्या पत्नी, उषाबाई, शेजारणींना सांगायच्या, "मना घरमा दोन कमावता शेतस. एक हाई माणूस, एक हाई इंजिन." घरातल्या दोन कमावत्यांत माझी गणती ऐकून मी फुगायचो, खोटं कशाला बोलू?

यंदा गुडघ्याचं दुखणं फार वाढलं. उषाबाईंच्या मनाने घेतलं, की पूजा जोरात करायची. दरवर्षी हँडलला चिमूटभर कुंकू लागायचं. यंदा त्यांनी हळदकुंकू गुळाच्या पाण्यात कालवलं, म्हणजे दिवाळीपर्यंत निघायला नको. लावायला जागा शोधली ती कोणती? टाकीचं झाकण! गोल, सपाट, अगदी कपाळासारखं. त्यावर त्यांनी जाडजूड टिळा लावला, अक्षता चिकटवल्या, हार घातला आणि नवऱ्याला बजावलं, "देवनं शे. पुसू नका बरं!"

मित्रांनो, त्या झाकणाला खसखशीएवढं एक भोक असतं. टाकीतलं पेट्रोल खाली माझ्याकडे उतरतं, तेव्हा रिकाम्या जागेत हवा यावी लागते. ती त्या भोकातून येते. हवा आली नाही तर पेट्रोल जागचं हलत नाही. तेच भोक गुळाच्या कुंकवाने बुजलं. वाळून दगड झालं. आणि मी ओरडून सांगणार कोणाला? मला फट-फट याशिवाय दुसरं काही बोलता येतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गल्ली संपून मोठ्या रस्त्याला लागलो न लागलो, तोच माझा घसा कोरडा पडला. आचके दिले आणि बंद! धुडकूभाऊ थक्क झाले. असं कधी झालंच नव्हतं. त्यांनी पायडल मारले, क्लच सोडला, चोक ओढला, पुन्हा पायडल मारले. प्रत्येक फेऱ्याला त्यांचा गुडघा कटकट वाजत होता आणि तो आवाज मला खाली स्पष्ट ऐकू येत होता. "काबर रुसनं रे तू?" ते मला विचारत होते. अरे देवा! मी रुसलो नव्हतो हो!

ढकलत ढकलत मला भगवानकडे नेलं. भगवानने प्लग काढला, ठिणगी बघितली. छान निळी होती. कार्बोरेटर उघडून फुंकला, हवेच्या जाळीत आजूबाजूच्या यंत्रमागांवरून उडालेला धाग्यांचा भुसा अडकला होता तो झटकला. मग पेट्रोल आहे का बघायला त्याने झाकण उघडलं. कुंकू दिसताच आधी हात कपाळाला लावला आणि झाकण कडेकडेने धरून फिरवलं, टिळ्याला धक्का लागू नये म्हणून! झाकण उघडताच हवा आत आली, पेट्रोल उतरलं आणि मी पहिल्याच दणक्यात सुरू. "बघ, भुसा होता," भगवान म्हणाला. झाकण लावलं, निघालो, आणि थोड्या अंतरावर पुन्हा ठप्प.

असं एकदा नाही, बरेचदा झालं. भगवानच्या दारात मी शहाणा आणि रस्त्यावर मुडदा. शेवटी तो वैतागून म्हणाला, "इंजिन बरोबर आहे, धुडकूभाऊ. तुम्हालाच चालवता येईना झालंय." धुडकूभाऊंचं तोंड एवढंसं झालं. पांडेसऱ्याच्या रस्त्यावरच्या योगेंद्र मेकॅनिकने तर झाकण उघडायचीही तसदी घेतली नाही. नुसते पायडल फिरवून बघितले आणि म्हणाला, "काका, ये खतम है. भंगार में डालो."

भंगार! मी आतून हादरलो. आणि त्याहून मोठा दणका मिलमध्ये बसला. दिवाळी तोंडावर, कामाचा रेटा, आणि धुडकूभाऊ रोज उशिरा. कामावर देखरेख करणाऱ्या मास्तरने सगळ्यांसमोर सांगितलं, "काका, सोमवारी वेळेवर आला नाहीत तर तुमच्या जागी दुसरा उभा करतो." त्या दिवशी धुडकूभाऊ लंगडत मला घरी घेऊन आले. भिंतीला टेकवलं आणि उषाबाईंना म्हणाले, "गावले जाऊत आते. भाऊना दारशे बसूत." स्वतःच्या कमाईवर ताठ मानेने जगलेला माणूस भावाच्या दारात बसायला निघाला होता, आणि तेही माझ्यामुळे!

रविवारी सकाळी भंगारवाला आला. धुडकूभाऊंनी त्याच्यादेखत मला एकदा शेवटचं चालवून बघितलं. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि मेलो. ढकलत परत दारात आणलं. भंगारवाल्याने पाना काढला आणि माझ्या पहिल्या बोल्टला लावला.

"थांब रे!" उषाबाई ओरडल्या. आम्ही सगळेच दचकलो. त्या म्हणाल्या, "देवनं कुकू भंगारमा कसं देवानं? आधी काढू दे."

ओल्या फडक्याने पुसलं तर टिळा हलेना. मग त्यांनी केसांतली पिन काढली आणि खरवडायला बसल्या. अक्षता पडल्या, पोपडे पडले. पिनचं टोक त्या बारीक भोकात शिरलं आणि बाहेर आलं. मित्रांनो, सूंऽऽ करून हवा आत घुसली! तहानलेल्याने पाणी प्यावं तसं मी पेट्रोल प्यालो.

माझा तो श्वास ऐकून उषाबाईंच्या हातातली पिनच गळून पडली. "अहो, इकडे या! हाई ते दम ली ऱ्हायनं!"

धुडकूभाऊंनी झाकणाकडे बघितलं, भोकाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग सायकलवर बसले. मी सुरू झालो. गल्ली संपली, मोठा रस्ता आला, पूल आला. मी थांबलो नाही. थेट मिलच्या बंद गेटपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. भंगारवाला अजून दारातच उभा होता. त्याने पाना खिशात घातला आणि हातगाडी पुढे ढकलली.

उषाबाई उंबऱ्यावर डोकं धरून बसल्या होत्या. "म्हंजे मीच बंद करं व्हतं का?" असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. धुडकूभाऊंनी त्यांना काही सुनावलं नाही. ते माझ्याजवळ खाली बसले, गरम टाकीवर हात ठेवला आणि लहान पोरासारखे रडले. "मी तुले इकत व्हतू रे," एवढंच म्हणाले. मला राग नव्हता. कसा असेल? दोघांनीही माझं वाईट चिंतलं नव्हतं. पण मायेने केलेल्या पूजेने माझा जीव जात होता, हे आठवलं की मी आजही चालता चालता थरथरतो.

सोमवारी आम्ही मिलवर पोचलो तेव्हा वॉचमन डोळे चोळत होता. "काका, अभी तो गेट भी नहीं खुला!" तो म्हणाला. धुडकूभाऊ सायकलवरून उतरलेच नाहीत. एक पाय टेकून, मला चालू ठेवून, हसत गेट उघडायची वाट बघत राहिले.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. पूजा करा, हार घाला, पण वर्षातून एकदा तरी आमच्याजवळ बसून नीट बघा. आम्ही अडलो तर लगेच नखरे म्हणू नका, बाद म्हणू नका. कुठे काय अडकलंय ते शोधा. टाकून द्यायला काय, भंगारवाला रोजच गल्लीतून ओरडत जातो.