सासूबाईंच्या प्लेटमधले ठिपके

प्रयोगशाळेत त्याला सगळे उतावळ्या म्हणायचे. चहा ओतून व्हायच्या आधी हा कप उचलायचा, मग बोटं चोखत बसायचा. नाव काही उगाच पडलं नव्हतं.

त्याचं काम एका चिमुकल्या आरएनएवर. आरएनए म्हणजे पेशीतला निरोप्या. डीएनएचा निरोप घेऊन जातो, त्यावरून प्रथिन बनतं. पण उतावळ्याचा आरएनए कसलंच प्रथिन बनवत नाही. असल्यांना लोक कितीतरी वर्षं अडगळच समजायचे. मग कळलं की त्यातले काही गाडीच्या ब्रेकसारखे असतात. ते कमी पडले की पेशी मोकाट सुटतात आणि कॅन्सरचं फावतं. उतावळ्याचं म्हणणं, माझाही ब्रेकच आहे. कॅन्सरच्या पेशींना तो परत द्यायचा, वाढ मंदावते का बघायचं. दोन वर्षं तो तेच बघत होता. त्याला दर वेळी दिसायचंही. दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं, एवढीच अडचण.

"तुला दिसतं कारण तुला ते हवंय," त्याच्या गाईड मॅडम म्हणाल्या. "ही शेवटची खेप. कुठल्या प्लेटमध्ये काय आहे ते तुला कळता कामा नये. नाही जमलं तर विषय बदलायचा."

विषय बदलायचा म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

प्लेट्स लावायचं काम त्याच्या बायकोकडे आलं. तीही तिथंच नोकरीला. एका प्लेटमध्ये खरा आरएनए, दुसरीत त्याचीच अक्षरं उलटसुलट करून बनवलेला बिनकामाचा, तिसरीत नुसतं द्रावण. मागच्या वेळी तिनं अ, ब, क लिहिलं होतं. ह्यानं लगेच ओळखलं, कारण बायको घरीसुद्धा महत्त्वाचं काम आधी उरकते. म्हणून या वेळी तिनं चिकटपट्ट्यांवर लिहिलं: सासूबाई, नणंद, मामंजी.

"माझ्या घरच्यांना कशाला ओढतेस यात?"

"मग काय, शेजाऱ्यांना ओढू?"

आता पेशी वाढेपर्यंत गप्प बसायचं होतं. पण गप्प बसेल तो उतावळ्या कसला. रात्रीची भांडी बायको घासत होती, हा पुसत होता.

"आपल्या घरात सगळ्यात जास्त अडवणूक कोण करतं गं?"

"भांडी पूस."

"सहज विचारतोय."

"सहज पूस."

मग त्यानं आपलं आपणच गणित मांडलं. ब्रेक म्हणजे आई, यात शंकाच नाही. नवा सोफा आईनं थांबवला, बाबांची सिगारेट थांबवली, बहिणीचं पहिलं प्रेम तर जिन्यातच थांबवलं. बहीण सकाळी एक बोलते, संध्याकाळी दुसरं, म्हणजे नणंद ही उलटसुलट. राहिले मामंजी. बाबा दिवसभर पेपर घेऊन बसतात, असून नसून सारखे. नुसतं द्रावण. सुटलं.

दोन आठवड्यांनी प्लेट्स जांभळ्या रंगात बुडवून काढल्या. एकेका पेशीची वाढून झालेली वस्ती म्हणजे एकेक जांभळा ठिपका. प्लेट उलटी धरायची आणि तळावर पेनानं टिंब देत मोजायचं. त्यानं मोजलं. सासूबाईंच्या प्लेटमध्ये ठिपके सगळ्यात कमी.

हा धावतच घरी. "आई, तुझ्या नावाच्या प्लेटनं कॅन्सरला ब्रेक लावला."

"कुठल्या प्लेटमध्ये काय ते अजून उघडलं नाहीये, आई," बायको म्हणाली.

"तू थांब गं. माझ्या नावाला गुण आहेच," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी खालच्या काकू अभिनंदन करून गेल्या. बाबांनी पेपरचं पान उलटलं.

मॅडमनी आकडे बघितले, मग प्लेट्स उलट्या करून ओळीनं ठेवल्या. एकेक टिंब तपासत गेल्या. उतावळ्याला आपल्याच जांभळ्या बोटांची लाज वाटायला लागली.

"इथे दोन ठिपके चिकटलेत," मॅडम म्हणाल्या. "सासूबाईंमध्ये तू त्यांना एक धरलंस. मामंजींमध्ये असेच चिकटलेले दोन धरलेस. का रे?"

त्याला सांगायचं होतं की नीट दिसलं नाही. पण टिंबं त्याच्याच हातची होती. "मला वाटलं सासूबाई खरी आहे," तो म्हणाला. "म्हणून."

मॅडमनी स्पिरिटच्या बोळ्यानं टिंबं पुसली, नावांवर कोऱ्या पट्ट्या लावल्या, प्लेट्सचा क्रम बायकोकडून बदलून घेतला आणि स्वतः मोजायला बसल्या. मोजून पट्ट्या काढल्या. सासूबाई आणि नणंद जवळजवळ सारख्याच. मामंजींमध्ये ठिपके एक तृतीयांश कमी.

मामंजी उलटसुलट निघाले तर विषय गेला. द्रावण निघाले तरी गेला.

"सांग बाई," मॅडम म्हणाल्या.

"सासूबाई द्रावण. नणंद उलटसुलट." बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. "मामंजी खरे."

म्हणजे ब्रेक होता. आणि ह्या शहाण्यानं चिकटलेले ठिपके दोन-दोन धरून तो स्वतःच गाडून टाकला होता.

"पण तू बाबांनाच ब्रेक का ठरवलंस?" बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"ठरवलं कुठे? चिठ्ठ्या टाकल्या. तू भांडी पुसताना माझ्या डोक्यात काय चाललंय ते शोधत होतास. माझ्या डोक्यात भांडी होती."

मॅडमनी आणखी दोनदा करायला सांगितलं. विषय वाचला. आईला सांगायचं तेवढं बाकी होतं.

"पाणी?" आई म्हणाली.

"पाणी नाही गं, द्रावण."

"म्हणजे पाणीच." आईनं सुनेकडे बघितलं. बाबांनी पेपर खाली केला.

"आणि मी कोण?"

"तुम्ही वाचा." आई घुश्शातच सुनेकडे वळली. "अजून दोनदा करणार ना? मग पुढच्या वेळी चिठ्ठी मी काढणार."

"चालेल आई," सून म्हणाली. "डोळे मिटून, आणि कुठली निघाली ते तुम्हालाही कळणार नाही."

"बरं. पण तोवर खालच्या काकूंना कुणी काही बोलायचं नाही."

उतावळ्यानं चपला घातल्या. "सांगावं लागेल, आई. मोजणी चुकली होती."

जिना मात्र तो एकेक पायरी, अगदी सावकाश उतरला.