ओटा, मोरी आणि चूल

घरात भांडण झालं की माणसं वेगळी चूल मांडतात, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आत्यालाही चुलीबद्दल तेवढंच ठाऊक होतं. त्यामुळे राज्य सरकारचा नवा कायदा खारू मोठ्याने वाचत असताना त्यात 'स्वतंत्र चूल' हे शब्द आले, तेव्हा आत्याने हातातली सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "मी काय घोडं मारलंय तुमचं?"

खारू तिच्या भावाची मुलगी. लहानपणी बटणं, खडू, पेन्सिलींची टोकं, जे हाती लागेल ते उशीखाली दडवायची, म्हणून आत्याने तिचं नाव खार ठेवलं, आणि ते मोठेपणीही सुटलं नाही. आता ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि नवरा शहरातली बस चालवायचा. दोघं राहायची आत्याच्या घरामागच्या खोलीत. तिथे पूर्वी आतोबांचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता. आतोबा गेले, खळीचा वास मात्र पावसाळी हवेत अजून भिंतींतून बाहेर यायचा. त्यांचं कागद कापायचं लांब टेबल खारूने ओटा केलं, ब्रश धुवायच्या कोपऱ्यात मोरी केली, आणि दोन तबकड्यांची विजेची शेगडी आणली.

सगळं होतं, फक्त परवानगी नव्हती.

नगरपालिकेचा जुना नियम होता, एका आवारात एकच स्वयंपाकघर. मागच्या खोलीत झोपलं तर चालेल, पुस्तक वाचलं तर चालेल, घोरलं तरी हरकत नाही. पण एक बटाटा उकडला की त्या खोलीचं घर होतं, आणि आवारातलं दुसरं घर हा गुन्हा. ज्याने हा नियम केला त्याला गल्ल्या शांत हव्या असतील. तशा त्या झाल्याही. इतक्या, की गावातल्या आजाऱ्यांना तपासणाऱ्या नर्सेस, गावातल्या मुलांना शिकवणारे मास्तर आणि गावातल्या बस चालवणारे ड्रायव्हर, सगळे गावाबाहेर राहायचे आणि रोज गावात यायचे. गावातली भाडी त्यांच्या आवाक्यात राहिली नव्हती. इकडे घरांमागच्या खोल्यांत मात्र मोडक्या खुर्च्या आणि जुनी वर्तमानपत्रं बिनभाड्याने राहत होती.

आत्याच्या घराने यावर बादलीचा उपाय काढला होता. तपासणीला नगरपालिकेचे चष्मेवाले साहेब फाटकाशी दिसले की आत्या लोखंडी बादली पायरीवर आपटायची. खण्ण आवाज आला की खारूने प्लग काढायचा, शेगडी ओल्या पोत्यात गुंडाळायची आणि मागच्या भिंतीवरून शेजारच्या शिंपीकाकांच्या हातात द्यायची. काका ती दुरुस्तीला आलेल्या कोटांच्या ढिगाखाली सारायचे. तोवर खारू मोरीपुढे पडदा ओढायची, पातेलं आतोबांच्या हत्यारांच्या पेटीत टाकायची आणि त्यांचा पुस्तकं दाबायचा चाप ओट्यावर ओढून ठेवायची. साहेब आत येईपर्यंत खोली पुन्हा कारखाना झालेली असायची.

आणि आता राज्य सरकारने नगरपालिकेच्या डोक्यावरून कायदा केला होता. घरामागे छोटं घर असू द्या, असेल तर नोंदवा, तिथे माणसं राहू द्या. अटी तीनच. स्वतःचं दार, स्वतःचं पाणी आणि स्वतःची चूल. खारूला ही व्याख्या भलतीच आवडली. प्रयोगशाळेत नमुना कशाला म्हणायचं हे जसं आधी ठरवतात, तसं घर कशाला म्हणायचं हे कुणीतरी एकदाचं ठरवलं होतं. शिवाय इतकी वर्षं जो पुरावा लपवला, तोच आता दाखवायचा होता. ती नवऱ्याला म्हणाली की चोराला चोरीचा माल आणून दाखव आणि बक्षीस घेऊन जा असं सांगितल्यासारखं आहे हे.

पण अर्जावर सही मालकिणीची लागणार होती, आणि मालकीण चुलीपाशी अडली होती. कायद्यातली चूल म्हणजे फक्त खोलीची जात ओळखायची खूण, असं खारूने परोपरीने समजावलं. आत्याचं म्हणणं एकच, सरकार काहीही म्हणो, गल्ली काय म्हणेल? शेवटी शिंपीकाका भिंतीवर कोपर टेकून म्हणाले, "आत्याबाई, चुलीचं काय घेऊन बसलात? आमची दोघांची चूल जन्मभर एकच आहे. विचारा माझ्या बायकोला, आमचं एका तरी गोष्टीत जमतं का." आत्याला हसू आलं आणि हसता हसता तिने सही केली.

सही झाली, आणि मग खरी धाकधूक सुरू झाली. कारण अर्ज केला म्हणजे आम्ही इथे राहतो हे कबूल केलं. साहेबांनी खोली घर म्हणून पास केली तर प्रश्नच मिटला. नाही केली, तर खोली रिकामी करावी लागणार. त्या भीतीने दोघांनी बसच्या शेवटच्या थांब्याजवळचा एक फ्लॅट बघून ठेवला होता. त्याच्या खिडकीतून अर्धवट बांधलेली पाण्याची टाकी दिसायची आणि दुसरं काहीच नाही. तिथल्या मालकाला तपासणीच्या दुसऱ्या दिवशी हो की नाही ते कळवायचं होतं. आत्याने त्या फ्लॅटबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त एकदा खारूला दिसलं, आत्याने माळ्यावरून एका माणसापुरतं छोटं पातेलं काढून, घासून, फळीवर पालथं घातलं होतं. त्या रात्री खारूने कायद्याचा कागद पुन्हा वाचून काढला, सगळ्या तळटीपांसकट.

तपासणीच्या दिवशी तिने रजा टाकली. चाप उचलून कोपऱ्यात ठेवला. पडदा काढला, मोरी घासली. दाराशी पडलेलं ते ओलं पोतं फारच कळकट दिसत होतं, ते फेकून दिलं. ओटा पुसून त्यावर शेगडी मांडली, आणि नुसती शेगडी शोभेची वाटेल म्हणून पातेल्यात बटाटे उकडायला लावले. मग ती दोन पावलं मागे सरकून बघत राहिली. स्वतःचं दार. स्वतःचं पाणी. स्वतःची चूल. बटाटे रटरटत होते.

तेवढ्यात बादली वाजली. खण्ण.

पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं. तिला त्यातलं काही विचारलं गेलं नाही. प्लग निघाला. पोतं सापडेना म्हणून नवा कोरडा टॉवेल आला. शेगडी भिंतीवर गेली, पलीकडून दोन सरावलेल्या हातांनी ती झेलली. पातेलं पेटीत गेलं, झाकण बसलं, चाप ओट्यावर आला. पडदा ओढायला हात वर गेला तेव्हा पडदा नाही एवढंच तिला खटकलं. त्याचा उलगडा व्हायच्या आत साहेब दारात उभे होते, आणि खारू चापावर हात ठेवून, साळसूद चेहऱ्याने, पुस्तकं बांधत असल्यासारखी उभी होती.

साहेबांनी दार पाहिलं, खूण केली. नळ सोडून पाहिला, खूण केली. मग चष्मा वर सरकवून ओट्याकडे बघत म्हणाले, "चूल?"

खारूने ओट्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"अगं, शेगडी कुठे गेली?" मागून आलेल्या आत्याने विचारलं.

"तूच बादली वाजवलीस."

"साहेब आले हे सांगायला वाजवली. आनंदाने वाजवली गं."

पण त्या बादलीला आनंदाने वाजायची सवय नव्हती, आणि खारूच्या हातांना ती आनंदाने ऐकायची. साहेब घसा खाकरून म्हणाले की मला जे दिसेल तेच लिहावं लागतं, आणि मला चाप दिसतोय. चूल शेजारी आहे असं खारूने सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की मग ती शेजाऱ्यांची चूल झाली. खारू भिंतीकडे धावली.

शिंपीकाका गळ्यात टेप अडकवून कोटांच्या ढिगापुढे उभे होते. शेगडी द्या म्हटल्यावर त्यांनी तिच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या साहेबांना पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कसली शेगडी?"

"काका, आत्ता दिली ती."

"साहेब, पोरगी कामाने थकलीये. या खोलीतून मी कधी धूर निघालेला पाहिला नाही. दोघं आत्याबाईंकडे जेवतात. आळशी माणसं आहेत, स्वयंपाक येतच नाही त्यांना."

खारूने सांगितलं की कायदा बदलला, आता चूल असायलाच हवी. काकांनी तिला डोळा मारला. तिने हात जोडले, तर त्यांना वाटलं पोरगी नाटक छान वठवतेय. आत्याने तर त्यांना शपथ घातली. तेव्हा ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "कायदा बदलो की जग बदलो, मी शब्द बदलणारा माणूस नाही."

त्यांचं वाक्य पुरं होतंय तोच त्यांच्या मागून, कोटांच्या ढिगातून, धुराची एक बारीक रेघ वर निघाली. जन्मात धूर न पाहिलेल्या माणसाच्या पाठीमागे ती डोक्याइतकी उंच झाली. ओलं पोतं असतं तर ती निघाली नसती.

"काका," खारू म्हणाली, "तुमच्या मागे आमची चूल पेटलीये."

मग एकच धावपळ. पाणी ओतलं गेलं ते त्याच बादलीने. शेगडी वाचली, गिऱ्हाइकांचे कोट वाचले. टॉवेल आणि काकांचं स्वतःचं जाकीट मात्र गेलं. जाकिटाच्या पाठीवर शेजारी शेजारी दोन गोल डाग पडले होते. ते उलटसुलट करून बघत काका म्हणाले की खोट्या साक्षीची शिक्षा इतक्या लवकर मिळते हे माहीत असतं तर धंदा बदलला असता.

शेगडी भिंतीवरून परत आली. चाप खाली उतरला. पेटीतून पातेलं निघालं, तेव्हा साहेबांनी हत्यारांच्या पेटीत वाफाळणारे बटाटे पाहिले आणि ते पहिल्यांदाच हसले. प्लग लागला. तबकडी हळूहळू लाल झाली. साहेबांनी तिच्यावर तळहात धरून पाहिला आणि कागदावर तिसरी खूण केली.

"पास?" आत्याने विचारलं.

"पास. कागद येईल घरी."

आत्या पायरीवर बसलीच. पदराने डोळे पुसत ती म्हणाली की धूर गेला डोळ्यांत. धूर तर खरोखरच झाला होता.

निघताना साहेब दारात थांबले. "माझा कोट दरवर्षी काकांकडे येतो," ते म्हणाले. "दरवर्षी परत येताना त्याला फोडणीचा वास असतो. बायको विचारायची, शिंप्याकडे जाता की खानावळीत?"

खारू बघत राहिली. "मग तुम्ही कधी लिहिलं नाहीत?"

"दिसेल तेच लिहायचं. फाटकाशी उभं राहून मी चष्मा पुसत बसायचो. चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही." त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून जरा ओशाळले. "आज खरं तर पुसायचं काही कारण नव्हतं. सवयीने पुसला. मी थेट आत आलो असतो तर तुमची चूल जागेवर सापडली असती."

चौघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. एकीची बादली, एकीचे हात, एकाचा ढीग, एकाचा चष्मा. कायदा एका दिवसात बदलला होता. माणसांना थोडा जास्त वेळ लागणार होता.

साहेब गेले, आणि गल्लीच्या तोंडाशी लांब हॉर्न वाजला. नवऱ्याची बस. फेरी तिथूनच जायची, आणि निकाल कळेपर्यंत तो प्रत्येक फेरीला हॉर्न देणार होता. खारू फाटकाबाहेर पळाली आणि दोन्ही हात वर करून नाचली. बसने आणखी एक हॉर्न दिला, तो शेवटचा थांबा येईपर्यंत थांबला नसावा. आतल्या प्रवाशांनीही, काय झालं ते माहीत नसताना, हात हलवले.

संध्याकाळी खारूने फ्लॅटच्या मालकाला 'नाही' असं कळवून टाकलं. नवरा बटाटे सोलत होता. त्यांना खळीचा किंचित वास लागला होता, पण खपून गेला असता. तेवढ्यात बादली वाजली.

हात शेगडीकडे गेलेच. प्लगपर्यंत पोचले, तिथे तिने त्यांना थांबवलं.

दारात आत्या उभी होती. एका हातात बादली, दुसऱ्या हातात ते छोटं पातेलं. "हे घे. चहाला बरं आहे, तिघांचा मावतो," ती म्हणाली आणि आतोबांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. "वेगळी चूल मांडलीत ना? मग पाहुण्यांना चहा विचारायची रीत आहे की नाही या घरात?"